गाणं म्हणायच्या आधी

४ सप्टेंबर १८२८. आयर्लंडच्या पश्चिमेला लॉख कॉरिब नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठच्या अ‍ॅनाडाऊन गावातून एक जुनाट होडी गॉलवेच्या बाजाराला निघाली. आत तीसेक माणसं आणि दहाएक मेंढ्या, दाटीवाटीनं. गॉलवे अगदी जवळ आलं असताना एका मेंढीचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला आणि पाणी आत येऊ लागलं. कुणीतरी अंगातला जाड कोट काढून भोकात कोंबला आणि बोळा घट्ट बसावा म्हणून वरून पायानं दाबला. भोक बुजायचं राहिलं, फळीच निखळली.

अकरा पुरुष आणि आठ बायका बुडाल्या. हा आकडा गाण्यातला आहे. गाणं रचलं अंथनी रॅफ्टरीनं. हा मेयो परगण्यातला, लहानपणी देवी येऊन दृष्टी गेलेला, फिडल वाजवत दारोदार फिरणारा कवी. त्याचा काळ १७७९ ते १८३५. त्यानं काही लिहून ठेवलं नाही. त्याची गाणी लोकांच्या तोंडी राहिली आणि पुढे डग्लस हाइड या अभ्यासकानं ती गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून गोळा केली. १९०३ साली त्यांचं पुस्तक झालं. हाच हाइड १९३८ मध्ये आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

‘अनाख कुअन’ नावाचं हे गाणं आजही गायलं जातं. पण होडी कशी फुटली, मेंढी, कोट, फळी, हे सगळं गाण्यातून समजून घ्यायला जाल तर हाती फार काही लागणार नाही. गाण्याचा जीव आहे तो आकांतात. बाजाराला म्हणून हसतखेळत निघालेली माणसं ओळीनं उताणी निजवलेली. त्यांतल्या काहींची नावं. ज्या पाण्यानं त्यांना गिळलं त्याला दिलेला शाप. नवख्या माणसाला प्रश्न पडेल, की नेमकं झालं काय? त्याचं उत्तर गाण्याआधी मिळतं. गायक सूर लावण्यापूर्वी चार वाक्यांत, कधी चाळीस वाक्यांत, हकिगत सांगतो. मेंढी तिथे येते, कोटही तिथे येतो. मग गाणं सुरू होतं आणि ते सरळ दुःखालाच हात घालतं, कारण बाकीचं सांगून झालेलं असतं.

या हकिगतीला आयरिश भाषेत ‘ऊदार’ म्हणतात. या शब्दाचे अर्थही पाहण्यासारखे आहेत. कर्ता, आधार, कारण, एवढं सगळं त्यात येतं. गाण्याचा ऊदार म्हणजे गाणं कुणी केलं, कशावरून केलं आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, हे सारं एकदम. ज्याला ऊदार ठाऊक नाही त्याला गाणं येतं असं कॉनेमाराच्या किनाऱ्यावरचे जुने लोक मानत नसत. पोवाड्यात शाहीर कथा उलगडत नेतो, तशी अपेक्षा ठेवून या गाण्यांकडे गेलं की फसगत होते. इथे कथा गाण्याच्या बाहेर उभी असते. बाहेर उभं राहिलेलं मात्र सगळ्यांत आधी हरवतं, आणि आयरिश गाण्यांच्या गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात नेमकं तेच झालं आहे.

गाण्याची ही रीत कशी असते ते आधी सांगायला हवं. तिला ‘शॅन-नोस’ म्हणतात, म्हणजे जुनी रीत. (हे नाव स्वतः फार जुनं नाही. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, भाषा वाचवायला निघालेल्या मंडळींनी गाण्याच्या स्पर्धा भरवल्या, आणि त्या धामधुमीत ते रूढ झालं. आधी ते नुसतं गाणं होतं.) एकट्याचा आवाज, साथीला काही नाही. ताल शब्दांच्या उच्चाराचा. त्यामुळे तेच कडवं दुसऱ्यांदा आलं की चाल थोडी हललेली असते. एखाद्या अक्षरावर सूर चार-पाच बारीक वळणं घेतो आणि पुढे जातो. गायक हातवारे करत नाही, चेहऱ्यावर भाव आणत नाही, कधी टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. गाणं जड असेल तर शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेतो आणि गाण्याच्या ओघाबरोबर हळूहळू गोल फिरवत राहतो. शेवटी तर गंमतच आहे. गाण्यातले अखेरचे शब्द पुष्कळदा गायले जातच नाहीत. गायक ते नेहमीच्या आवाजात बोलून टाकतो, जणू दाराची कडी लावावी तसं.

आणि फर्माईश कशी करायची? ‘अबर ओरान’. शब्दशः, ‘गाणं म्हण’. गाण्यासाठी बोलण्याचं क्रियापद वापरायचं, याचं इंग्रजीत लिहिणाऱ्यांना केवढं नवल वाटतं! त्यावर ते परिच्छेद खर्ची घालतात. मराठी वाचकाला यातलं काहीच समजावून द्यावं लागत नाही. आपणही गाणं म्हणतोच.

आता १७९२च्या जुलै महिन्यात बेलफास्टला जाऊ. शहरातल्या काही सुशिक्षित मंडळींनी जाहीर केलं की आयर्लंडभरच्या हार्पवादकांनी यावं, वाजवावं, बक्षिसं न्यावीत. हार्पवादकांचा वर्ग तेव्हा संपत आला होता. त्यांना सांभाळणारे जुने गेलिक सरदारच उरले नव्हते. आयरिश वादक आले फक्त दहा, शिवाय एक वेल्समधला. त्यांतले निम्म्याहून अधिक आंधळे. आंधळ्या मुलाला हार्प शिकवणं ही पोटापाण्याची सोय होती. सगळ्यांत वयस्कर डेनिस हेम्पसन; वय ९७ सांगितलं जाई. धातूच्या तारा लांब वाढवलेल्या नखांनी छेडायची जुनी पद्धत त्याच्या एकट्याच्या हातात उरली होती.

कोपऱ्यात कागद घेऊन बसला होता एडवर्ड बंटिंग. वय १९, धंदा चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याचा. वाजवतील ते जसंच्या तसं उतरवून घे, एवढंच त्याला सांगितलेलं. बॅस्टिलच्या स्मृतिदिनाच्या समारंभासाठी तेव्हाच बेलफास्टला आलेला क्रांतिकारक वुल्फ टोनही तिथे डोकावला आणि कंटाळला. रोजनिशीत त्यानं या तुणतुण्याची टर उडवली आहे. ज्या राष्ट्रासाठी तो पुढे मेला त्या राष्ट्राचं संगीत त्याला ऐकवेना. मला हा माणूस त्यामुळे जास्त खरा वाटतो.

बंटिंगला मात्र त्या चार दिवसांनी झपाटलं. १७९७च्या सुमाराला त्याचा पहिला संग्रह आला, ६६ चालींचा. फक्त चाली. शब्द नाहीत. बंटिंगला आयरिश येत नव्हतं, आणि धातूच्या तारांची हार्प त्यानं पियानोच्या पट्ट्यांवर बसवून टाकली. हे अपुरं आहे, हे त्याला कळत होतं. म्हणून १८०२ साली शब्द आणायला दुसरा माणूस धाडायचं ठरलं.

इथून पुढची गोष्ट एका घरात घडते. बंटिंग अकराव्या वर्षी बेलफास्टला आला तेव्हापासून मक्रॅकन कुटुंबाकडे राहत होता आणि पुढची अनेक वर्षं तिथेच राहिला. व्यापारी, सुखवस्तू, प्रेस्बिटेरियन घर. घरातला मुलगा हेन्री जॉय मक्रॅकन ‘युनायटेड आयरिशमेन’ या क्रांतिकारी संघटनेचा पुढारी. १७९८च्या उठावात तो अँट्रिममध्ये लढला, पकडला गेला आणि १७ जुलैला बेलफास्टच्या भर बाजारात त्याला फाशी दिलं. फाशीच्या जागेपर्यंत त्याचा हात धरून चालत गेली ती त्याची बहीण मेरी अ‍ॅन. शव खाली उतरवल्यावर अजून धुगधुगी असेल म्हणून तिनं वैद्यालाही बोलावलं होतं. उपयोग झाला नाही. चार वर्षांनी बंटिंगच्या गाण्यांच्या कामामागे उभी राहिली ती हीच मेरी अ‍ॅन.

शब्द आणायला निवडला पॅट्रिक लिंच. डाउन परगण्यातला आयरिशचा शिक्षक. तो पश्चिमेला, मेयोच्या बाजूला गेला आणि तिथून पत्रं पाठवू लागला. गाणारी माणसं शोधायची, त्यांना बसवायचं, पाजायचं, तोंडून शब्द काढायचे. आणि खिशातले पैसे संपले की बेलफास्टला लिहायचं, पैसे पाठवा. कुणाकडून काय मिळालं हे त्यानं नोंदवून ठेवलं. आयर्लंडमध्ये सामान्य माणसांच्या तोंडची गाणी त्यांच्याच भाषेत, ठरवून, पायी हिंडून गोळा करायचा एवढा नेटाचा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता. बंटिंगचं नाव पुस्तकांवर राहिलं. मला या प्रकरणात लिंच जास्त जवळचा वाटतो. पायपीट त्याची, तगमग त्याची, आणि बदनामीही त्याच्याच वाट्याला आली.

कारण १८०३ उजाडलं. रॉबर्ट एमेटचा उठाव डब्लिनमध्ये फसला. उत्तरेकडे लोकांना उठवायला आला होता थॉमस रसेल, मक्रॅकन कुटुंबाचा जिवलग मित्र, बेलफास्टच्या वाचनालयाचा एकेकाळचा ग्रंथपाल. लिंचकडे तो आयरिश शिकला होता. त्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस लावायला बेलफास्टच्या प्रतिष्ठितांनी वर्गणी काढली, आणि वर्गणी देणाऱ्यांत डॉक्टर जेम्स मॅकडॉनल होते, म्हणजे १७९२चा हार्पमेळा भरवणाऱ्यांपैकी एक. रसेल त्यांच्या घरी राहिलेला होता. मेरी अ‍ॅननं डॉक्टरांशी संबंध तोडले आणि रसेलच्या बचावासाठी पैसे उभे केले. खटला डाउनपॅट्रिकला चालला. सरकारी बाजूच्या साक्षीदारांत उभा होता पॅट्रिक लिंच.

त्याला धाकानं उभं केलं की तो आपण होऊन बोलला, यावर आज निवाडा करण्यात अर्थ नाही. पकडलेल्या शाळामास्तरापुढे पर्याय किती असतात? २१ ऑक्टोबर १८०३ला रसेलला फाशी झाली. १८०९ मध्ये बंटिंगचा दुसरा संग्रह निघाला तेव्हा लिंचनं मेयोच्या झोपड्यांतून आणलेले आयरिश शब्द त्यात नव्हते. त्या जागी थॉमस कॅम्बेल, मेरी बॅल्फर यांसारख्या कवींनी लिहिलेले इंग्रजी शब्द चालींना चिकटवले होते. त्या साक्षीची कटुता यामागे होती, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. गिऱ्हाइकाला आयरिश कळत नव्हतं, हे कारणही पुरेसं होतं म्हणा. लिंचच्या वह्या बंटिंगच्या कागदांत पडून राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्लट मिलिगन फॉक्स या बाईंनी ते कागद हुडकून काढले. आज ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत.

मेरी अ‍ॅन १८६६ पर्यंत जगली, वयाची पंचाण्णव ओलांडून. अगदी म्हातारपणी बेलफास्टच्या धक्क्यावर उभी राहून ती अमेरिकेला निघालेल्या लोकांच्या हातात गुलामगिरीविरोधी पत्रकं ठेवत असे.

बंटिंगच्या चालींवर खरी कमाई केली ती थॉमस मूरनं. डब्लिनच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, कवी, आवाज गोड. १८०८ ते १८३४ या काळात त्याचे ‘आयरिश मेलडीज’ हे खंड निघत राहिले. प्रकाशक त्याला वर्षाला ५०० पौंड देत. चाली जुन्या, शब्द त्याचे, इंग्रजी, सुबक, डोळ्यांत पाणी आणणारे. लंडनच्या दिवाणखान्यात पियानोशी बसून मूर गायचा आणि आयर्लंडच्या दुःखावर इंग्लंडच्या सरदारांच्या बायका हुंदके द्यायच्या. बंटिंगचा जळफळाट झाला, पण इलाज नव्हता. मूरला नावं ठेवण्याची फॅशन आहे. ती मला पटत नाही. त्यानं फसवलं नाही कुणाला. मात्र दिवाणखान्यात त्या चालींमागचा ऊदार कुणी विचारत नव्हतं, आणि मूरलाही तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

दरम्यान १७९८ स्वतःच एक ऊदार होऊन बसलं होतं. त्या वर्षीच्या मे आणि जून महिन्यांत आग्नेयेकडचा वेक्सफर्ड परगणा पेटला. फ्रेंच क्रांतिकारकांसारखे केस बारीक कापणाऱ्या बंडखोरांना ‘क्रॉपी’ म्हणत. हातात भाले, समोर तोफा. २१ जूनला व्हिनेगर हिलवर त्यांचा मोड झाला. बूलावोग गावचा पाद्री जॉन मर्फी सुरुवातीला लोकांना हत्यारं खाली ठेवायला सांगत होता. सैनिकांचा जाच पाहून तोच पुढे झाला आणि २ जुलैला टलो गावात त्याला फाशी दिलं.

‘बूलावोग’ हे गाणं ऐकताना वाटतं, की राख गरम असतानाच कुणी गावकऱ्यानं ते रचलं असावं. ते लिहिलं पॅट्रिक जोसेफ मकॉलनं. डब्लिनमध्ये. १८९८ साली, शताब्दीसाठी. बार्ली डोलवणाऱ्या वाऱ्याचं, बंडखोराच्या तोंडी घातलेलं प्रसिद्ध गाणं लिहिणारा रॉबर्ट ड्वायर जॉइस १८३० मध्ये जन्मला, म्हणजे बंडानंतर ३२ वर्षांनी. ‘क्रॉपी बॉय’ नावाची गाणी दोन. एक खरोखर जुनं, बाजारात पातळ कागदावर छापून विकलं जाणारं. दुसरं विल्यम मक्बर्नीनं टोपणनावानं लिहिलेलं. त्यात कबुलीजबाब द्यायला आलेला कोवळा बंडखोर ज्याच्यापुढे गुडघे टेकतो तो पाद्री नसून झगा पांघरलेला शत्रूचा अधिकारी असतो. हे १८४५ मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकात आलं. हे साप्ताहिक १८४२ मध्ये थॉमस डेव्हिस, गॅव्हन डफी आणि डिलन यांनी काढलं आणि राष्ट्राला गाणी पुरवणं हे आपलं काम मानलं. पुढे जेम्स जॉइसनं ‘युलिसिस’मध्ये मद्यालयातल्या मैफिलीत गाऊन घेतलं ते हेच दुसरं गाणं.

ही गाणी खोटी आहेत असं मला म्हणायचं नाही. पण घडण वेगळी आहे. ‘बूलावोग’मध्ये स्थळ, नायक, लढाया, शेवट, सगळं क्रमानं येतं, सांगणाऱ्याला आधी काही सांगायची गरजच ठेवलेली नाही. वाचणाऱ्यांसाठी लिहिलेलं गाणं असंच असणार. ते अनोळखी माणसांत एकटं प्रवास करू शकतं, सभेत, आगबोटीवर, बॉस्टनच्या गल्लीत. ‘अनाख कुअन’ला सोबत लागते.

आणि सोबत करणारी माणसंच मरू लागली. १८४५च्या शरदात बटाट्यावर करपा पडला. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले आणि तेवढेच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेले. मेले ते जास्त करून पश्चिमेचे, भूमिहीन, आयरिश बोलणारे. म्हणजे ज्यांच्याकडे लिंच गेला होता तेच. जॉर्ज पीट्री हा चित्रकार आणि पुराणवस्तूंचा अभ्यासक. त्यानं १८५५च्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवलं, की दुष्काळानंतर त्याला सगळ्यांत जास्त जाणवली ती रानाशिवारातली शांतता. नांगरताना, दूध काढताना कानावर येणारं गाणं बंद झालं होतं.

दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, हाच पीट्री अ‍ॅरन बेटांवर गेला. सोबत आयरिशचा मोठा पंडित यूजीन ओकरी. संध्याकाळी एका घरात पीटच्या जाळाजवळ बैठक जमे. गाणारी व्यक्ती चुलीच्या कोपऱ्यात बसे. ओकरी शब्द उतरवून घेई, पीट्री चाल. मग पीट्री व्हायोलिनवर ती वाजवून दाखवी आणि बरोबर आहे ना, हे गाणाऱ्याला विचारी. एकाच खोलीत, एकाच वेळी, शब्द आणि चाल दोन्ही कागदावर. पण १९०२ ते १९०५ या काळात पीट्रीचा समग्र संग्रह छापला गेला तेव्हा त्यात १,५८२ चाली होत्या आणि शब्द पुन्हा गळाले होते.

स्वतंत्र आयर्लंडनं १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग नेमला. पैसा बेताचाच. कथा मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करायच्या, ऐकून लिहून काढायच्या आणि वरचा थर तासून तेच नळकांडं पुन्हा वापरायचं. शब्द उरले, आवाज भुश्यासारखे झाडून टाकले गेले. १९४२ मध्ये संगीतासाठी नेमला शेमस एनिस. तेविशीचा तरणाबांड, उत्कृष्ट पाइपवादक, आयरिश अस्खलित. चाल आणि शब्द दोन्ही स्वतः लिहू शकणारा माणूस अखेर मिळाला. तो सायकलवर हिंडे. कॉनेमारातल्या कार्नाजवळच्या ग्लिन्श्के गावातल्या कोल्म ओ कीआन या शेती-मासेमारी करणाऱ्या माणसाशी त्याची अशी गट्टी जमली, की त्या एकाकडून दोनशेहून अधिक गाणी आणि तुकडे मिळाले. एनिस त्याच्याबरोबर राबायचा, हिंडायचा, आणि काम चालू असताना गाणं आलं की ते टिपायचा. दक्षिणेकडे कॉर्क परगण्यातल्या एलिझाबेथ क्रोनिन यांनी तर त्याच्यासाठी आपली गाणी आधीच लिहून ठेवली. लिहिण्यात वेळ जाऊ नये, गप्पांना पुरावा म्हणून. एनिसची रोजनिशी वाचनीय आहे ती यामुळेच. गाण्याभोवतीचं हवामान, भांडणं, जेवण, ऊदार, सगळं तिच्यात सांडलेलं आहे.

त्याच कार्नाच्या किनाऱ्यावर, एनिसच्याच जन्मवर्षी, १९१९ मध्ये जो हेनी जन्मला. गावात शोसव ओ हेनी. वडिलांकडून आणि शेजारपाजाऱ्यांकडून शेकडो गाणी उचललेली. १९४२ मध्ये त्यानं डब्लिनच्या स्पर्धेत पदक मिळवलं, आणि मग कॉनेमाराच्या बहुतेक तरुणांसारखा स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये मजुरीला गेला. १९६४ मध्ये युअन मकॉल आणि पेगी सीगर या लोकगायकांनी लंडनजवळच्या आपल्या घरी त्याला बसवून गाणी आणि बोलणं ध्वनिमुद्रित केलं. त्या मुलाखतींत तो गाण्याइतकाच वेळ गाण्याविषयी बोलतो. १९६६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि मॅनहॅटनमधल्या एका उंची इमारतीत दरवान म्हणून राहिला. गणवेश घालायचा, दार उघडायचं. अखेरची वर्षं सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यानं विद्यार्थ्यांना शिकवलं. १९८२ मध्ये अमेरिकी सरकारनं त्याला लोककलेचा राष्ट्रीय सन्मान दिला. १ मे १९८४ला तो गेला आणि त्याचा देह कार्नाला आणून पुरला.

विद्यार्थ्यांपुढे हेनी आधी गोष्ट सांगे. प्रेयसी कोण, तिनं कुठून हाक मारली, भिंतीपलीकडे कोण ऐकत होतं. आयरिशचा गंधही नसलेली अमेरिकी मुलं मग ती अनोळखी भाषा ऐकत बसत, आणि त्यांना गाण्यात कुठे आहोत ते समजे. काही अभ्यासकांना शंका आहे, की यातले काही ऊदार हेनीनं श्रोत्यांसाठी फुलवले असावेत. असतील. सांगणारा माणूस आहे, शिलालेख नव्हे.

ऊदार खोटाही असतो, याचा एक सुंदर दाखला जॉन रायलीच्या गाण्यात आहे. रायली ‘ट्रॅव्हलर’, म्हणजे आयर्लंडमधल्या भटक्यांपैकी. धंदा पत्र्याची भांडी घडवण्याचा आणि झाळण्याचा. प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि तो बुडाला. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावी एका पडक्या घरात तो राहत होता. १९६०च्या दशकात टॉम मनेली नावाचा डब्लिनचा कारखान्यातला कामगार, फावल्या वेळात टेपरेकॉर्डर घेऊन गाणी शोधत फिरणारा, त्याच्यापर्यंत पोचला. रायलीनं त्याला एक गाणं म्हणून दाखवलं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला एक वाटसरू पाणी मागतो आणि तिनं घरातल्याच पुरुषांपासून झालेली मुलं कुठे कुठे पुरली ते तिला सांगतो. भटक्यांमध्ये हे गाणं म्हणणं अशुभ मानत. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ जुन्या बॅलड, म्हणजे कथागीतं, छापल्या होत्या. त्यांतली ही एकविसावी. जिवंत माणसाच्या तोंडून ती पुन्हा ऐकायला मिळेल अशी आशा अभ्यासकांनी सोडून दिली होती.

रायलीकडे दुसरं एक लांबलचक गाणं होतं, ‘लॉर्ड बेकर’. परदेशी जाऊन तुर्कांच्या कैदेत पडलेला सरदार, त्याला सोडवणारी तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी, आणि सात वर्षांनी त्याच्या लग्नाच्या दिवशी दारात येऊन उभी राहिलेली तीच. चाइल्डच्या यादीत हे त्रेपन्नावं. शतकानुशतकं इंग्लंडमध्ये याचा ऊदार असा सांगितला जाई, की हा बेकर म्हणजे गिल्बर्ट बेकेट, ११७० मध्ये कँटरबरीच्या देवळात मारल्या गेलेल्या थॉमस बेकेटचा बाप. प्रत्यक्षात गिल्बर्ट हा लंडनमधला नॉर्मन व्यापारी आणि त्याची बायको नॉर्मनच; तुर्की तुरुंगाचा दोघांशी काही संबंध नाही. पण हुतात्म्याच्या बापाला शोभेलसं लग्न लोकांना हवं होतं, आणि गाणं तयारच होतं.

१९६९ मध्ये रायली पन्नाशी न गाठताच न्यूमोनियानं मेला. मनेलीच्या टेपा ऐकून क्रिस्टी मूर या गायकानं त्याची गाणी उचलली. १९७३ मध्ये ‘प्लँक्स्टी’ या वाद्यवृंदाच्या तबकडीवर विहिरीचं गाणं आलं, बुझुकी आणि पाइपच्या साथीनं, आणि आयर्लंडभर वाजलं. दहा वर्षांनी त्यांनी ‘लॉर्ड बेकर’ही घेतलं. रायलीचा स्वतःचा आवाज लोकांनी ऐकला तो मधल्या काळात, १९७८ मध्ये निघालेल्या तबकडीवर. त्यात साथ नाही. एका पडक्या घरातला, थोडा घोगरा, जराही घाई नसलेला आवाज आहे.